नव्या घराची पत

आपल्या मराठी भाषेत दोन शब्द एकमेकांना इतके लागून उभे आहेत की पुष्कळदा आपण एकाच्या जागी दुसरा घेऊन बसतो. एक शब्द आहे ऐपत आणि दुसरा पत. माणसाजवळ काय आहे ते ऐपत सांगते. माणसाच्या केवळ शब्दावर शेजारी त्याला काय देऊ करील, ते पत सांगते. ऐपत ट्रंकेत भरून एका गावाहून दुसऱ्या गावी नेता येते. पत नेता येत नाही. ती दारच्या जुन्या फणसासारखी आहे. गाव सोडले की तिला तेथेच सोडून जावे लागते आणि नव्या अंगणात पुन्हा आठळीपासून आरंभ करावा लागतो.

मग नव्या अंगणात ती रुजावी कशी? आणि ती रुजेपर्यंत नव्या घराने आपला माल विकावा कोठे, काम मागावे कोणाकडे? हा प्रश्न आमच्या धर्मग्रामात अलीकडे असा काही उभा राहिला की तो सोडविताना आमच्या सर्वांची परीक्षा झाली. ती हकिकत वाचकांपुढे ठेवावीशी वाटते. कारण असा प्रश्न ज्या गावी आला नाही, त्या गावी तो उद्या येणार आहे.

आमच्या चर्चच्या पडवीत एक लाकडी फळा आहे. त्यावर मिस्साच्या वेळा आणि लग्नाच्या पुकारण्या तर लागतातच. परंतु एका बाजूला खरेदी-विक्रीचे कागदही लागतात. कोणाची दुभती म्हैस विकावयाची असते, कोणाकडे पेंढ्या शिल्लक असतात, कोणाला शिलाई यंत्र हवे असते, कोणाची खोली भाड्याने द्यावयाची असते. रविवारी मिस्सा संपली की मंडळी फळ्यापुढे थांबतात आणि पुष्कळसे व्यवहार तेथेच, चिंचेखाली, उभ्या उभ्या ठरतात. या फळ्यावरील कागदाला बाजारातील कागदापेक्षा अधिक मान आहे. चर्चच्या पडवीत लागलेला कागद खोटा नसणार, असे लोक धरून चालतात. फळ्याची सारी किंमत या समजुतीत आहे, आणि त्याचा सारा धोकाही त्याच समजुतीत आहे.

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ आमच्या गावी भाड्याने राहावयास आले. पोशाख नीटनेटका, बोलणे गोड. सणाच्या वर्गणीत त्यांनी सर्वांहून मोठी रक्कम घातली आणि देणगीदारांच्या यादीत त्यांचे नाव पहिले वाचले गेले. महिन्याभराने त्यांनी फळ्यासाठी एक कागद आणला. विहिरीवरचे पंप स्वस्तात मिळतील, निम्मी रक्कम विसार म्हणून आधी द्यावी, असा त्यातील मजकूर होता. तो कागद लावण्यास परवानगी मी स्वतः दिली. सात घरांनी विसार दिला. त्यांतील एक घर विधवेचे होते. तिने दोन वर्षांच्या दुधाचे पैसे बाजूला ठेवले होते, ते दिले. पंप आले नाहीत. एके सकाळी त्या गृहस्थांच्या दाराला कुलूप दिसले, आणि ते कुलूप पुढे घरमालकालाच तोडावे लागले.

आम्ही फसलो तो पत आणि ऐपत यांच्या गोंधळात. वर्गणीतील मोठा आकडा पाहून आम्ही माणसाचा भरवसा धरला. त्याने आम्हांला आपली ऐपत दाखविली आणि आम्ही तिलाच पत समजलो.

त्यानंतर जे सर्वत्र घडते तेच आमच्याकडे घडले. पॅरिश कौन्सिलने ठराव केला की बाहेरून आलेल्या कोणाचाही कागद फळ्यावर लावावयाचा नाही. दार लावून घेतले की घर सुरक्षित झाले असे आपणांस वाटते. परंतु दार चोराला ओळखत नाही. ते जसे चोराला अडविते तसे पाहुण्यालाही अडविते.

पुढच्या पावसाळ्यापूर्वी एक सुतार आपल्या कुटुंबासह गावी आला. दारे, खिडक्या, पलंग, नांगराची दुरुस्ती, सर्व कामे त्याला येत होती. त्याने दोनदा कागद आणला आणि दोनदा तो परत गेला. चार कोसांवरच्या गावी जाऊन तो मजुरी करू लागला. एके दिवशी त्याची बायको माझ्याकडे आली. तिने तक्रार केली नाही. एवढेच विचारले, “फादर, ओळख नाही म्हणून काम नाही म्हणता. मग कामच मिळाले नाही तर ओळख व्हायची कशी?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी तो जसाच्या तसा कौन्सिलपुढे ठेवला.

बैठकीत तीन सूचना आल्या. एकाने सांगितले, नव्या माणसाकडून अनामत रक्कम घ्यावी. दुसरे वयोवृद्ध सभासद म्हणाले, तीन वर्षे गावात राहू द्या, मग पाहू. तिसऱ्याची सूचना ऐकावयास सर्वांत गोड होती. जो बारा रविवार न चुकता मिस्सेला येईल, त्याला फळ्याचा हक्क द्यावा. या तिन्ही सूचनांवर पुष्कळ चर्चा झाली. त्या रात्री निर्णय झाला नाही, हे बरेच झाले. कारण त्यामुळे, हाच प्रश्न जगाने पूर्वी कसा हाताळला आहे, याचा विचार करण्यास आम्हांला सवड मिळाली.

नॉर्वे देशात बर्गन नावाचे बंदर आहे. चौदाव्या शतकापासून तेथे जर्मन व्यापाऱ्यांच्या हान्सा संघाची मोठी वखार होती आणि सुक्या माशांचा व्यापार तिच्या हाती होता. तेथे नव्याने आलेल्या तरुणांना जुने लोक ‘खेळ’ या नावाखाली भयंकर परीक्षा देत. त्यांना धुरात कोंडीत, थंडगार पाण्यात बुडवीत, चाबकाने फोडून काढीत. जो टिकला तो आपला, असा हिशेब होता. परंतु धूर सोसण्याने माणसाची सोशिकता कळते, प्रामाणिकपणा कळत नाही. लबाड माणूसही चांगला सोशिक असू शकतो.

युरोपातील कारागिरांच्या संघांनी काळाची कसोटी लावली. इंग्लंडमध्ये १५६३ साली कायदाच झाला की सात वर्षे उमेदवारी केल्यावाचून कोणी तो धंदा करू नये. या नियमाचा मूळ हेतू वाईट नव्हता. गिऱ्हाइकाला वाईट माल मिळू नये आणि तरुणाने धंदा नीट शिकावा, हे कोणाला नको असेल? परंतु पुढे पुढे अनेक संघांत उस्तादाच्या मुलाला वाट सोपी आणि परक्याला अवघड, असे होत गेले. जी कसोटी कामाची होती ती जन्माची झाली. १७७६ साली ॲडम स्मिथ या अर्थशास्त्रज्ञाने आपल्या प्रसिद्ध ग्रंथात या पद्धतीवर कडक टीका केली. लांबलचक उमेदवारीने वाईट काम थांबत नाही, कारागिरावर खरा वचक गिऱ्हाइकाचा असतो, असे त्याचे म्हणणे होते. फ्रान्सने हे संघ १७९१ साली मोडले आणि इंग्लंडने सात वर्षांची सक्ती १८१४ साली उठविली. जे कुंपण पिकाच्या रक्षणासाठी घातले होते, त्याने शेवटी शेतच खाल्ले.

आमच्या वयोवृद्ध सभासदांची तीन वर्षे ही त्या सात वर्षांचीच धाकटी बहीण होती. तीन वर्षे तो सुतार खाणार काय, हे त्या सूचनेत कोठेच नव्हते. अनामत रकमेचेही तसेच. जो पंपवाला गृहस्थ सर्वांत मोठी वर्गणी देऊ शकला, तो अनामतही सर्वांच्या आधी भरून मोकळा झाला असता, आणि सुतार दाराबाहेर राहिला असता.

आता बारा रविवारांविषयी. धर्मगुरू या नात्याने ही सूचना मला आवडावयास हवी होती, असे वाचकांना वाटेल. तिचीच मला सर्वांहून अधिक भीती वाटली. आपण जी गोष्ट मोजावयास घेतो, ती लोक आपणांस मोजून देतात. बारा मिस्सा मागितल्या तर बारा मिळतील, तेराव्या रविवारी बाक रिकामे दिसेल. ज्याच्या मनात कपट आहे तो तर पहिल्या बाकावर येऊन बसेल; कारण बारा रविवार हा त्याला फार स्वस्त सौदा आहे. आणि जो भोळेपणाने येत होता, त्याच्याकडेही लोक संशयाने पाहू लागतील की हा प्रभूसाठी आला की म्हैस विकण्यासाठी. प्रार्थनेला जकातनाका केला तर प्रार्थनाही बिघडते आणि व्यापारही सुधारत नाही. प्रभू येशूने मंदिराच्या आवारातील सराफांचे चौरंग का उलथून टाकले, हे आपण विसरता कामा नये.

मग कसोटी लावावयाची तरी कोणती? या बाबतीत दोन उदाहरणे आम्हांला फार उपयोगी पडली.

पहिले उदाहरण इंग्लंडमधील रॉचडेल गावचे. १८४४ साली तेथील विणकर व इतर कामकऱ्यांनी मिळून एक दुकान काढले. त्या काळी गरिबांना मिळणाऱ्या अन्नात भेसळ फार होत असे आणि उधारीने कामकरी पिळून निघत. या मंडळींनी शुद्ध माल, खरे माप आणि रोख व्यवहार हे नियम ठेवले. सभासदाचा भाग एक पौंडाचा होता. परंतु ज्याच्याजवळ पौंड नाही त्याने दर आठवड्याला काही पेन्स देऊन तो हळूहळू भरावा, अशी सोय होती. नफा वाटावयाचा तो ज्याने जितकी खरेदी केली त्या मानाने. म्हणजे मोठ्या रकमेने आत शिरण्यापेक्षा लहान लहान व्यवहार नेमाने करीत आत येण्याची वाट त्यांनी मोकळी ठेवली. आणि सर्वत्र रोख असल्यामुळे कोणाचे मोठे नुकसान होण्याचा संभवच कमी राहिला.

दुसरे उदाहरण जर्मनीतील फ्रीडरिख विल्हेल्म रायफायझन यांचे. १८४६-४७ च्या दुष्काळी हिवाळ्यात ते वायरबुश या गावचे महापौर होते आणि भुकेल्यांना भाकरी मिळावी म्हणून त्यांनी एक मंडळ काढले. पुढे सावकाराच्या कचाट्यातून शेतकरी सोडविण्यासाठी त्यांनी १८६४ साली हेडेसडॉर्फ येथे कर्जमंडळी उभारली. मंडळीचे क्षेत्र लहान ठेवावयाचे, इतके लहान की प्रत्येकाला प्रत्येकाची वागणूक ठाऊक असावी, हा त्यांचा नियम होता. आणि एकाचे कर्ज बुडाले तर त्याची जबाबदारी सर्वांवर. त्यामुळे कोणाला आत घ्यावे, हे सभासद डोळे उघडे ठेवून ठरवीत. शेजाऱ्याची शिफारस त्यांच्याकडे फुकट नव्हती. शिफारस करणाऱ्याचे स्वतःचे काही तिच्यात अडकलेले असे.

हे बी आपल्या भूमीतही रुजले आहे. १९०४ साली आपल्या देशात सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला आणि १९०५ साली आजच्या गदग जिल्ह्यातील कणगिनहाळ या खेड्यात सिद्धनगौडा पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांची पतसंस्था निघाली. त्याआधी, १८८९ साली, बडोद्यास विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी आपल्या मराठी मंडळींसह ‘अन्योन्य’ या नावाची परस्परसाहाय्याची मंडळी काढली होती. छोटानागपूरच्या मुंडा आदिवासींच्या जमिनी सावकारांच्या घशात जात असता जॉन हॉफमन या जेझुइट धर्मगुरूंनी १९०९ साली तेथे कॅथॉलिक सहकारी पतसंस्था स्थापिली. वसईस १९१८ साली कॅथॉलिक समाजाने उभी केलेली पतसंस्था पुढे मोठी बँक झाली. या साऱ्या ठिकाणी मूळ भांडवल होते ते माणसाने माणसाला ओळखण्याचे. पैसा मागाहून आला.

आणि हो, आपल्या पवित्र ग्रंथातही हा प्रश्न आहेच. संत पौल परिवर्तनानंतर यरुशलेमेस आले तेव्हा शिष्य त्यांना भ्याले. भ्यावे असेच कारण होते. कालपर्यंत हाच मनुष्य त्यांचा छळ करीत होता. त्या वेळी बर्नबा पुढे झाला. पौलांना हाताशी धरून त्याने प्रेषितांकडे नेले आणि त्यांच्या बाबतीत जे घडले ते सर्व सांगितले. बर्नबाने पौलांकडून अनामत मागितली नाही, तीन वर्षे थांबावयास सांगितले नाही. त्याने माहिती करून घेतली आणि स्वतःचे नाव पणाला लावले. शिष्यांची भीती चूक नव्हती. परंतु बर्नबा नसता तर त्या भीतीने केवढे नुकसान केले असते!

या साऱ्यातून आमच्या कौन्सिलने अखेर जे ठरविले ते थोडक्यात सांगतो.

कामाची मागणी करणारा कागद कोणीही, गावात आल्या दिवसापासून, लावू शकतो. “सुतारकाम करून मिळेल” या कागदाने कोणाचे घर बुडत नाही. काम पाहूनच पैसे द्यावयाचे असतात. विक्रीचा कागद नव्या घरालाही लावता येईल, परंतु पहिले सहा महिने वस्तू रविवारी सर्वांदेखत चिंचेखाली आणून दाखवावी आणि वस्तू हाती पडल्यावरच पैसे घ्यावेत. या काळात विसार घेण्यास पूर्ण मनाई आहे. धोक्याच्या मानाने अटी कडक, हे आमचे सूत्र. जेथे नुकसान थोडे तेथे दार उघडे, जेथे नुकसान मोठे तेथे उंबरठा उंच.

सहा महिन्यांनंतर विसार घेण्याचा हक्क हवा असेल तर दोन वेगवेगळ्या घरांनी सही करावी. सही करणाऱ्याने त्या माणसाशी स्वतः काही व्यवहार केलेला असावा. नातेवाइकाची सही चालणार नाही. व्यवहार बिघडला तर सही करणाऱ्याने गिऱ्हाइकाच्या बाजूने उभे राहून तो मिटवावा आणि तो मिटेपर्यंत त्याचा स्वतःचा कागदही फळ्यावर लागणार नाही. कोणाला नकार द्यावयाचा झाला तर कारण तोंडावर आणि आठ दिवसांच्या आत सांगावे, आणि पुन्हा केव्हा येता येईल तेही सांगावे. “पाहू” हे उत्तर बंद.

शेवटचे कलम लिहिताना थोडी कुरबूर झाली. हे नियम मोडणाऱ्या जुन्या घरालाही तीच शिक्षा, असे ते कलम आहे. चार पिढ्या गावात काढल्या म्हणून दूध कमी मापण्याचा परवाना कोणास मिळत नाही. ज्याची पत जुनी आहे त्याने ती रोज जपावयाची असते. वडिलार्जित पतीवर फार दिवस जगता येत नाही.

त्या विधवेचे काय, असे कोणी विचारील. नवे नियम जुने पैसे परत आणीत नाहीत. परंतु नियम लिहिताना आमच्याच ध्यानात आले की त्या पंपाच्या कागदाला परवानगी आम्ही दिली होती, म्हणजे सही आमची होती. तेव्हा मी आणि त्या वेळच्या सभासदांनी तिचे पैसे आपसांत वाटून घेतले आणि ते हप्त्यांनी फेडले. इतर सहा घरांनी आपला वाटा मागितला नाही, हा त्यांचा मोठेपणा. आमचे कर्ज त्याने संपले असे मी मानीत नाही.

आणि सुतार? त्याचा कागद लागला. पहिले काम त्याला कोणी द्यावे, तर तीन वर्षे थांबा म्हणणाऱ्या त्या वयोवृद्ध सभासदांनी. त्यांनी आपला मोडका दरवाजा त्याच्या पुढ्यात टाकला आणि दिवसभर खुर्ची घालून समोर बसून राहिले. सहा महिन्यांनी सुतार लाकूड आणण्यासाठी विसार घेण्याचा हक्क मागावयास आला, तेव्हा पहिली सही त्यांचीच होती. मी थोडे नवल दाखविले. ते म्हणाले, “फादर, मी अजून त्याला ओळखतो असे म्हणत नाही. पण त्याचे सांधे मी ओळखतो. पावसाळा गेला, दरवाजा हलला नाही.”

वाचकहो, आपल्या गावीही आज ना उद्या नवे घर येईल. त्यांच्या अंगावरचे कपडे पाहून भुलू नका आणि त्यांचे आडनाव अनोळखी म्हणून बिचकूही नका. त्यांना एखादे लहानसे काम द्या, आणि ते कसे करतात ते शेजारी बसून पाहा. ते काम नीट उतरले तर आपली सही द्यावयास मागे राहू नका. दार उघडताना कडी हातात असावी हे खरे. परंतु कडी हातात आहे म्हणून दार उघडावयाचेच विसरू नये.